पुलावाल्यांची बंदूक

गजकाका कुणाच्या घरी गेले की भिंतीवरची बंदूक खाली उतरवत. न विचारता. आता बैठकीत बंदूक टांगणारी घरं गावात असणार तरी किती? पण जी होती ती काकांना चांगली ओळखून होती, आणि त्यातली काही तर त्यांना बोलावणंच टाळत. एका निवृत्त फौजी साहेबांकडे असंच झालं. चहा आला, गप्पा रंगल्या, आणि मध्येच हा माणूस कप खाली ठेवून उठला. स्टुलावर चढला, साहेबांच्या पणजोबांची ठासणीची बंदूक खाली घेतली, कापडी पिशवीतून तीन तुकड्यांचा पितळी गज काढून जोडला आणि सरळ नळीत सोडला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

“अहो, काय चाललंय काय?”

“रिकामी आहे,” काका म्हणाले. बंदूक होती तशी टांगली, खाली बसले आणि उरलेला चहा प्यायले.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी, काका कामाला होते त्या संग्रहालयाच्या संचालकांकडे तक्रार नेली. संचालकांनी काकांना बोलावून घेतलं. “काका, निदान विचारायचं तरी!”

“विचारलं की लोक नाही म्हणतात,” काका म्हणाले आणि आपल्या कामाला निघून गेले. संचालकांनी कपाळावर हात मारला. दुसरं करणार काय?

गंमत अशी की हा माणूस मुळात आगाऊ नव्हता. उलट पन्नाशी उलटेपर्यंत त्याच्याइतका भिडस्त माणूस शोधून सापडला नसता. शिंक आली तरी शेजारच्याला विचारून शिंकेल, असं त्याची बायकोच म्हणायची. मग हे न विचारण्याचं वेड कुठून आलं? ते काही आपोआप आलेलं नाही.

काका संग्रहालयाच्या शस्त्रदालनाचे कारागीर. ‘गजकाका’ हे नाव ऐकून नवखे लोक हत्तीसारख्या माणसाला शोधत फिरायचे, आणि समोर यायचा एक काडीपैलवान, चष्मा दोऱ्याने कानामागे बांधलेला, नखांत कायमचं तेल. नाव पडलं ते गजामुळे. जुनी ठासणीची बंदूक तोंडाकडून भरायची असते. आधी दारू, मग गोळी, आणि दोन्ही तळाशी ठोकून बसवायला एक लांब सळई, तिला म्हणायचं गज. ती बंदूक भरलेली की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. नळीत डोकावून बघणारा तर गाढवच म्हणायचा. उपाय एकच. गज नळीत सोडायचा, तोंडापाशी नखाने धरून ठेवायचा, बाहेर काढायचा आणि तेवढाच नळीला बाहेरून लावून बघायचा. त्याचं टोक नळीच्या तळापर्यंत पोचलं तर बंदूक रिकामी. अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी बसलंय.

हे काका रोज करत. काचेमागे कुलपात असलेल्या, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या बंदुकाही पुसायला बाहेर काढल्या की आधी गज. पहारेकरी चेष्टा करायचे. “काका, कालच बघितली होतीत ना हो? रात्रीतून पिल्लू घातलं का तिने?” काका हसायचे, आणि पुढची बंदूक घ्यायचे.

हे शिकवलं त्यांच्या उस्तादांनी. बापाची बिजागऱ्या-कड्यांची भट्टी सोडून काका तरुणपणी सरकारी शस्त्रागारात लागले होते, तिथले हे उस्ताद. त्यांनी तोंडाने शिकवलं आणि मग हाताने. एकदा घाईघाईत, कुणीतरी ‘रिकामी आहे हो’ म्हटलं म्हणून, त्यांनी एका जुनाट बंदुकीच्या नळीला कथलाचा डाग द्यायला तापलेली सळई लावली. आतली दारू शंभर वर्षांची होती. दारूला म्हातारपण नसतं. उस्तादांच्या उजव्या हाताची बोटं गेली, आणि काकांनी त्या दिवशी कानाला खडा लावला तो कायमचा. ‘रिकामी’ हा शब्द गज टाकल्याशिवाय त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही, आणि त्यांनी तो उच्चारला की संग्रहालयात दुसरा कोणी खात्री करायला जात नसे.

दालनात बंदुका ओळीने मांडलेल्या होत्या, जुन्यापासून नव्यापर्यंत. काकांना त्या नात्यातल्या माणसांसारख्या ठाऊक होत्या, आणि नातेवाइकांबद्दल बोलावं तसंच ते त्यांच्याबद्दल बोलत, म्हणजे उखाळ्यापाखाळ्या काढत. पहिली तोड्याची. तिला पेटती वात लागायची. वारा सुटला की वात विझायची, पाऊस आला की हातात उरायची नुसती काठी. मग गारगोटीची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी पडली तर पडली, आणि पडली तर भडका थेट गालाशी. म्हणून शिपाई तोंड फिरवून चाप ओढायचे. “म्हणजे नेम कुठे, देव जाणे,” काका म्हणत. त्यानंतर टोपीची. खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तिच्यावर घोडा आपटला की टोपी फुटायची आणि नळीतली दारू पेटायची. पावसाची कटकट मिटली आणि माणसं भराभर मरायला लागली. शेवटी मागून काडतूस घालायच्या फौजी रायफली. त्यांच्याकडे काका फारसं बघत नसत. मागून उघडली की आत काय ते दिसतं, तिच्यात शोधायचं काय? शिकारीच्या दुनळ्यांवर मात्र त्यांचा जीव. पोलादावर कोरलेले तितर, अक्रोडाचा दस्ता, आणि त्या दस्त्यावर कुण्या शिकाऱ्याच्या गालाने वर्षानुवर्षं टेकून आणलेली झिलई. ती झिलई ते कधी पॉलिश करत नसत. पुसून तिथेच थांबत.

काकांची बायको पुलावाल्यांची. तिच्या माहेरचं आडनाव काय, हे गल्लीत कुणाला आठवत नसे. पुलावाले म्हटलं की झालं. तिच्या वडिलांचे आजोबा फौजेत शिपाई होते. एका लढाईत त्यांची तुकडी नदी ओलांडून मागे हटत होती, तेव्हा हा एकटा माणूस पुलाच्या मध्यावर उभा राहिला. अलीकडच्या काठावरून बाकीचे गोळ्या झाडत होते, सगळीकडे धूर, आणि धुरात हा. नव्या कोऱ्या टोपीच्या बंदुका आदल्याच दिवशी वाटलेल्या. सकाळभर हा भरतोय आणि झाडतोय, भरतोय आणि झाडतोय. नळी इतकी तापली की तिच्यावर पाणी उकळलं असतं. शेवटी खांद्यात गोळी लागून पडला, पण तोवर तुकडी पार झाली होती. सरकारने ती बंदूक त्यालाच बक्षीस दिली, आणि ती घराच्या पुढच्या खोलीत टांगली गेली.

त्या बंदुकीचे घरात नियम होते. तिला कुणी हात लावायचा नाही. तोंड खिडकीकडे, खोलीकडे कधीच नाही. आणि त्या खोलीत शेगडी आणायची नाही, दिवा ठेवायचा तो पलीकडच्या कोपऱ्यात. आजोबांनी स्वतः घालून दिलेले नियम. थंडीच्या दिवसांत पुढची खोली बर्फ व्हायची, पाहुणे कुडकुडत बसायचे, पण शेगडी नाही म्हणजे नाही. घरातल्यांना त्याचा अभिमानच होता. मान म्हणजे मान.

काकांचे सासरे पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क होते. सरळ, कडक, जरा तोंडाळ. आठवड्यातून एकदा बंदूक खाली काढून मांडीवर घेऊन पुसायची, हे काम त्यांचं आणि फक्त त्यांचं. मुलगी काकांना दिली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. पुलावाल्यांची मुलगी बंदुका पुसणाऱ्याला? सासरे म्हणाले, “पुसतो ना? मग कदर असेल.” विषय संपला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी काका सासरी गेले असताना जेवणानंतर सगळे पुढच्या खोलीत बसले होते. काकांची नजर सारखी भिंतीकडे. खोलीत शेगडी का नाही, बंदुकीचं तोंड खिडकीकडे का, हे त्यांच्या मनात टोचत होतं. शेवटी भीत भीत म्हणाले, “बाबा, परवानगी असेल तर एकदा गज टाकून बघू का?”

सासऱ्यांच्या कपाळावर आठी उमटली. “पुलावरच्या बंदुकीत तुम्ही गज घालणार? ती काय तुमच्या दालनातली आहे, जावईबापू? आजोबांनी नाही सांगून ठेवलंय. नाही.”

उंबऱ्याजवळच्या पायरीवर काकांचा मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ, मिसरूड नुकतंच फुटलेलं, सगळ्या घराचा लाडका. तो खदाखदा हसला. “भाऊजी, तुम्हाला काय वाटतं, पणजोबांनी एखादी गोळी आमच्यासाठी शिल्लक ठेवली असेल?”

सगळे हसले. काकाही हसले, आणि गप्प बसले. एवढ्यावर ते संपलं.

पुढच्या वर्षी युद्ध पेटलं. मेहुण्याचं सक्तीच्या भरतीचं वय भरलं. एकुलता एक मुलगा म्हणून त्याला सूट मिळण्यासारखी होती, तसा नियमच होता, वडिलांनी फक्त सही करायची. पण पुलावाल्यांच्या घरातून सूट मागणारा अर्ज? सासऱ्यांनी तो विचार मनाला शिवूही दिला नाही. निघायच्या दिवशी मुलाला बंदुकीखाली उभं केलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पणजोबांसारखा उभा राहा.” मुलगा उभा राहिला असेल. परत आला नाही. कुठे गेला, कसा गेला, ते धड कळलंही नाही. सासूबाई त्या धक्क्यातून उठल्याच नाहीत.

एखाद्याने पुलाची गोष्ट त्यानंतर टाकून दिली असती. सासऱ्यांनी उलट जास्तच सांगायला घेतली. येईल त्याला, जाईल त्याला. ती गोष्ट खरी होती म्हणून तर मुलगा गेला होता. गोष्टीत त्यांचा जीव अडकला होता, हे काकांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. काकांनी बंदुकीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

वर्षं गेली. सासरे ऐंशीच्या पुढे गेले, छाती भाता झाली, चार पावलं चाललं की बसावं लागे. त्या लढाईला शंभर वर्षं होत होती आणि संग्रहालयात तिचं प्रदर्शन भरायचं होतं. बंदुकीला वारस नाही. म्हाताऱ्याने एक दिवस मुलीला आणि जावयाला बोलावून सांगितलं, “घेऊन जा. काचेत ठेवा, खाली पाटी लावा, पुलाची हकिगत लिहा. मी डोळे मिटायच्या आत मला ती पाटी वाचायचीय.” मग जरा घुटमळून म्हणाले, “साफ करा, तुमचे काय ते सोपस्कार करा. पण काचेत जायच्या आधी एक दिवस परत आणा. मला एकदा मांडीवर घ्यायचीय.”

काकांनी बंदूक चादरीत गुंडाळली. बायको बरोबर निघाली, कारण माहेरची वस्तू दारातून बाहेर पडताना तिला बघवत नव्हती आणि घरी बसवतही नव्हतं.

दालनामागे काकांची खोली. एक लांब टेबल, शिकंजा, खिडकीत तेलाच्या बाटल्या. बायको स्टुलावर बसली. काकांनी बंदूक टेबलावर ठेवली आणि सवयीप्रमाणे, काहीही न बोलता, गज नळीत सोडला. नखाने धरला, काढला, बाहेरून लावला. पुन्हा सोडला, पुन्हा लावला.

“काय झालं?” बायको म्हणाली.

काकांनी उठून दार लावून घेतलं. साधी भरलेली बंदूक असती तर गज चार बोटं कमी भरला असता. हा जवळजवळ दोन वीत कमी भरत होता.

ते काम काकांनी इतक्या सावकाश केलं की बायकोचा जीव मेटाकुटीला आला. घोड्याखालची खुंटी फिरवून काढली, तिथून कोमट पाणी सोडलं, तोंडाकडूनही सोडलं, दारू भिजून मरू दिली. मग गजाच्या टोकाला स्क्रू बसवला, तो आतल्या शिशात फिरवत नेला, आणि ओढला. एक गोळी आली. तिच्यामागे काळा चिखल आणि कुजलेला कागद. काकांनी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा स्क्रू नेला. दुसरी गोळी. बायकोला वाटलं, झालं असेल. झालं नव्हतं. एकामागून एक सहा गोळ्या निघाल्या, तेव्हा कुठे गज तळाला लागला.

“म्हणजे?” ती म्हणाली. आवाज बदललेला होता. “मला नीट सांगा. म्हणजे काय?”

“झाडलेली गोळी नळीत राहत नाही गं. एकदा भरायचं, एकदा झाडायचं, मग पुन्हा भरायचं. यांनी भरलं, आणि न झाडता वर पुन्हा भरलं. सहा वेळा.”

“टोपी फुटूनही आतली दारू पेटली नसेल! गर्दीत, धुरात, आवाजात कळलं नसेल त्यांना. तुम्हीच सांगता ना असं होतं म्हणून?”

असं होतं खरं. काकांनाही तसंच व्हायला हवं होतं. त्यांनी खुंटी भिंगाखाली धरली, मग घोड्याचं तोंड बघितलं. टोपी फुटली की तिथे काजळ बसतं, लोखंड भाजतं, बारीक खड्डे पडतात, आणि ते काही केल्या जात नाहीत. इथे कारखान्यातला निळा रंग होता तसा होता; एकही टोपी तिथे फुटलेली नव्हती. त्यांनी भिंग बायकोच्या हातात दिलं. तिने बघितलं आणि खाली ठेवलं.

“मेला तो तुमचा गज!” ती एकदम कडाडली. “कुणी सांगितला होता नसता उद्योग? शंभर वर्षं टांगली होती ना सुखाने? कुणाचं काय अडलं होतं?” आणि तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. जरा वेळाने ती रडं आवरून म्हणाली, “बाबांना सांगायचं नाही. माझी शप्पथ आहे तुम्हाला. त्यांनी पोराला त्या बंदुकीखाली उभं करून पाठवलंय. हे कळलं तर त्यांना वाटेल, आपण थापेपायी मुलगा घालवला. आता राहिलंय किती त्यांचं? जाऊ द्या ना सुखाने.”

“आणि पाटी?”

“पाटी नंतर बघू. ते गेल्यावर काय लिहायचं ते लिहा.”

काका हो म्हणाले. आयुष्यात नळीबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते. पण समोर बायको होती, आणि ती चूक बोलत होती असं त्यांना तरी कुठे वाटत होतं? त्यांनी नळी कोरडी केली, तेलाचा हात फिरवला, खुंटी जागेवर बसवली. सहा गोळ्या रुमालात बांधून कोटाच्या खिशात टाकल्या. फेकून का दिल्या नाहीत, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं बंदूक घेऊन गेले. थंडी कडक होती. म्हातारा पुढच्या खोलीत अंगावर दोन घोंगड्या घेऊन वाट बघत बसला होता.

“टाकलात का शेवटी तुमचा गज?” आल्या आल्या पहिला प्रश्न, आणि तोही चेष्टेच्या सुरात.

“टाकला, बाबा.”

“मग?”

“रिकामी आहे.”

शब्द खरा होता. त्या घडीला बंदूक रिकामीच होती. पण हा शब्द काकांच्या तोंडून असा चोरट्यासारखा कधी निघाला नव्हता, आणि ते खाली बघत राहिले. बायकोने पटकन बंदूक वडिलांच्या मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्याने एक हात दस्त्याखाली घातला, एक नळीखाली, जसा तो साठ वर्षं घालत आला होता. हात जरा वर उचलले. खाली आणले. पुन्हा उचलले.

“हलकी झाली,” तो म्हणाला.

“गंज निघाला ना, बाबा,” मुलगी म्हणाली. “धूळ किती होती आत!”

“दर आठवड्याला पुसतोय मी. माझ्या बंदुकीवर धूळ?” म्हाताऱ्याने मान वर केली. चेष्टा कुठल्या कुठे पळाली होती. “जावईबापू, काय काढलंत तिच्यातून?”

काकांनी बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिला आता काही थांबवता येणार नव्हतं, आणि ते तिलाही कळलं होतं. काकांनी रुमाल काढला, गाठ सोडली आणि गोळ्या म्हाताऱ्याच्या ओंजळीत ठेवल्या. मग सांगितलं. न वाढवता, न लपवता, दोन-चार वाक्यांत. खुंटीचा निळा रंगही सांगितला.

म्हातारा बराच वेळ गोळ्या या हातातून त्या हातात करत राहिला. त्याला धाप लागेल म्हणून मुलगी पाणी घेऊन उभी होती. पण तो शांतच होता.

“लहानपणी मी त्यांच्या शेजारी झोपायचो,” तो म्हणाला. “झोपेत ओरडायचे. ‘भर! भर!’ आणि हात असा, वर-खाली, वर-खाली. घरात सगळे म्हणायचे, म्हातारा झोपेतसुद्धा लढतोय.” त्याने मूठ मिटली. “‘झाड गोळी’ असं कधी नाही म्हणाले. एकदाही नाही. फक्त ‘भर’.”



“आणि ती गोष्ट त्यांनी स्वतः कधीच सांगितली नाही बरं का. सांगायचे माझे वडील. गोष्ट सुरू झाली की आजोबा उठून बाहेर जायचे. आम्ही म्हणायचो, केवढा हा विनय!”

“बाबा, पण ते उभे होते,” काका घाईने म्हणाले. “ते काही खोटं नाही. सकाळभर पुलावर उभे होते, गोळी खाल्ली, तुकडी पार झाली. एकालाही न मारता.”

“ते मला समजतंय. तुम्ही मला नका समजावू.” म्हातारा तुटकपणे म्हणाला. मग त्याची नजर उंबऱ्याजवळच्या पायरीकडे गेली आणि तिथेच राहिली. “त्यांच्याच्याने झाडवली नाही, एवढं जर मला ठाऊक असतं ना, तर मी त्या अर्जावर सही केली असती. डोळे झाकून केली असती.”

मुलीने तोंड फिरवलं.

“लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही विचारलं होतंत,” म्हातारा म्हणाला.

“हो, बाबा.”

“तो तिथे बसला होता. हसला होता.”

“हो.”

“कशाला विचारलंत?” म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “अहो, तुम्हाला कळत होतं ना? खोलीत शेगडी नाही, तोंड खिडकीकडे, तुमच्या डोक्यात आलं होतं ना? मग विचारायचं कशाला? मी कचेरीत गेलो की खाली काढायची आणि टाकायचा गज. मी ओरडलो असतो. दोन महिने बोललो नसतो तुमच्याशी. बस्स, एवढंच झालं असतं.”

 

म्हाताऱ्याने गोळ्या परत रुमालात ठेवल्या आणि गाठ मारायला मुलीपुढे धरल्या. “काचेत बंदुकीच्या बाजूला ठेवा या. सहाच्या सहा. आणि नळीतून जशा निघाल्या, तसं पाटीवर लिहा.” मग घोंगडी ओढून घेत म्हणाला, “थंडी वाजतेय. शेगडी आण गं इकडे.”

“या खोलीत?” मुलगी सवयीने बोलून गेली.

“आण. रिकामी आहे ना आता?” त्याने जावयाकडे बघितलं.

“हो, बाबा,” काका म्हणाले. “रिकामी आहे.”

मुलगी आतून शेगडी घेऊन आली आणि भिंतीखाली, बंदुकीच्या खिळ्याच्या बरोबर खाली ठेवली. तिघंही जवळ सरकून हात शेकत बसले.